उसन्या मिलचं पाणी

१२ डिसेंबर

मुजफ्फरभाईंनी मिलची नवीन वर्षाची डायरी दिली. दरवर्षी ते कामगारांना देतात, बाबाच्या वाट्याची या वर्षी मले मिळाली. जानेवारीपर्यंत कोण थांबते, मी तारखा खोडून आजपासूनच सुरू केली. इथी फक्त माझ्या नव्या धंद्याच्या, जंतू वाढवायच्या ड्रमच्या नोंदी करायच्या, रडगाणं नाई, असं ठरवलं आहे.

रडगाणं तसंही नाई. बाबाले जाऊन महिना झाला आणि मी अजून रडली नाई. छातीत कळ आली, मिलच्याच गाडीत टाकून तालुक्याले, मूलच्या दवाखान्यात नेलं, पोचेपर्यंत संपलं होतं. मी नागपूरहून आली तेव्हा अंगणात मांडव पडला होता. बाया माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, पोरगी आता टाहो फोडते म्हणून. मी चहाचे कप विसळत बसली. पुण्यानुमोदनाच्या आधी सगळं घर झाडलं. बाबाचे कपडे सर्फात भिजवले, घासले, पुन्हा भिजवले, इस्त्री केली आणि विहारात देऊन आली. मिलचा वास त्यातून निघता निघत नव्हता, आणि असे वासाचे कपडे कोणाले द्यायचे म्हणजे लाजच. काम उरकलं की बरं वाटते. तेवढंच मले आजकाल वाटते.

आईचं वेगळं आहे. ती जेवत नाई. सकाळी चहा, दुपारी दोन घास, रात्री "ठेव झाकून". रुसून बसली आहे असंही नाई, तिले ताट समोर असून दिसत नाई. ब्लाऊज अंगावर लोंबून राह्यला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ही उन्हाळा काढत नाई, सलाईनवर माणूस जगत नसते. मी "बरं" म्हटलं आणि औषधाची चिठ्ठी घेऊन आली.

१५ डिसेंबर

ताईचा फोन. रोशनीताई धानोऱ्याले दिली आहे, तिथी बायांचे बचत गट चालवते, त्यामुळे तिले बोलायची सवय हुकूम सोडायचीच.

"आई जेवली काय?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हंजे किती?"

"थोडंसं म्हंजे थोडंसं, ताई. वजनकाटा घेऊन बसू काय?"

मग म्हणाली, मी आईले धानोऱ्याले घेऊन जातो, तुझ्याच्यानं होत नाई. आई खाटेवरून ऐकत होती. "मी घर सोडून कुठी जात नाई," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. दिवसभरात तेवढंच एक बोलली.

ताईनं विचारलं, तू नागपूरले परत कधी जाते. जात नाई म्हटलं. मग इथी करते काय? तिले जे सांगितलं तेच लिहून ठेवते, पुढे बँकेत कर्जासाठी सांगायले कामी येईल.

दह्याच्या कारखान्यात मी सहा वर्षं जंतू वाढवले. दूध ज्यांच्यामुळे विरजते त्यांच्यातलेच काही पोटाले चांगले असतात. कोंबडीच्या पिल्लांले, बकरीच्या पिलांले ते पाण्यातून दिले की हगवण कमी लागते. बाजारातली पुडी महाग, कारण तिथी जंतूंले खायले महागाचं घालतात. आमच्याकडे मुजफ्फरभाईंची उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल आहे. धान गरम पाण्याच्या हौदात भिजवतात, मग वाफेवर उकडतात, वाळवतात आणि कांडतात. हौदातलं पाणी नालीत सोडून देतात. धानाचं सारं सत्त्व त्यात उतरलेलं असते. त्यात थोडा कोंडा आणि मूलच्या पनीरवाल्याकडचं फेकायचं पाणी घातलं की माझ्या जंतूंची पंगत तयार.

"फुकटचं जेवण कोनालेही गोड लागते," ताई म्हणाली.

"आपली आई सोडून," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

१९ डिसेंबर

पहिली बॅच. सुकलूभाऊ पाणी घेऊन आले. हौदावर बाबासोबत तेच होते, आता एकटेच आहेत. "जयभीम बेटा, कुठी ठेवू?" एवढं म्हणून कॅना उतरवल्या आणि गेले.

पाणी नालीजवळच्या खड्ड्यातलं, शिळं. अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात उकळायले ठेवलं आणि वास सुटला. सडका भात, गटार आणि ओला बारदाना एका ठिकाणी करा, तसा. लहानपणी बाबा मले सायकलवर शाळेत सोडत, त्यांचा वास माझ्या फ्रॉकले लागे आणि बाजूची पोरगी बाकावर सरकून बसे. बाबा कितीही साबण घासोत, तो त्यांच्या कातड्यात मुरला होता. मी बारावीनंतर नागपूरले पळाली त्यात थोडा हात या वासाचाही असेल.

शेजारची गुलाबबाई कुंपणावरून ओरडली, "अवं खुशबू, काय मेलं वं तुमच्या घरी?" मग तिच्या लक्षात आलं, जीभ चावली आणि घरात पळाली. मले हसू आलं, खोटं काऊन लिहू.

तेवढ्यात आई उठून बाहेर आली. महिनाभरात पहिल्यांदा आपणहून उठली. मले वाटलं, आता शिव्या बसतात. ती चुलीपाशी आली, बसली आणि म्हणाली, "कोनत्या हौदाचं हाय?"

"मले काय माहीत? सुकलूभाऊनं आणलं."

ती बसूनच राह्यली. धूर तोंडावर येत होता तरी सरकली नाई. दुपारी ताट दिलं तर वरणभात खाल्ला आणि वरून वांग्याची भाजी मागितली. मी भाजीचं गंजच तिच्यापुढे आणून ठेवलं.

पाणी कोमट झाल्यावर ड्रममध्ये कोंडा, पनीरचं पाणी आणि जंतू. थंडी आहे म्हणून ड्रम ओसरीत घेतला आणि गोणपाट गुंडाळलं.

२२ डिसेंबर

आई तेव्हापासून जेवून राह्यली. कारण शोधलं पाहिजे, नाई तर कसली मी सायन्सवाली.

पहिली शंका चुलीच्या उबेची. आज गंज न ठेवता नुसतीच चूल पेटवली आणि आईले बसवलं. ती जरा वेळ बसली आणि उठून ओसरीत ड्रमले टेकून बसली. म्हणजे ऊब नाई.

दुसरी शंका दह्याची. पहिली बॅच लावली त्याच दिवसापासून मी तिले माझ्या शुद्ध जंतूंचं दही देऊन राह्यली. घरचं दूध, वेगळं भांडं, ड्रमचा काही संबंध नाई. तारीख बरोबर जुळते. आतड्यातले जंतू बिघडले की भूक मरते, सुधारले की परत येते, असं मी सहा वर्षं डब्यांवर छापलेलं वाचत आली आणि कधी पुरता विश्वास ठेवला नाई. आता स्वतःच्या आईवर दिसून राह्यलं. ताईले फोन करून सांगितलं. ती रडायले लागली, म्हणाली, खुशे, तुझं शिक्षण आज कामी आलं.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. समाधान झालं, एवढं लिहिते. आनंद कुठी गेला ते सापडत नाई.

४ जानेवारी

तिसरी बॅच. पिल्लांवर गुण येते, गुलाबबाईच्या कोंबडीची सगळी पिल्लं वाचली. वासाची तक्रार करत करत ती रोज वाटीभर घेऊन जाते.

आई आता ड्रमची मालकीण झाली. मी बाजारात गेली की झाकण उघडून ढवळते. मी म्हटलं, "आई, झाकण उघडू नको, हवेतले दुसरे जंतू पडतात." म्हणाली, "पडू दे. तेही खातील."

संध्याकाळी सुकलूभाऊ पाळी संपवून थेट मिलमधून आले, कॅना परत न्यायले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, वासाचा लोट. आई म्हणाली, "बसा सुकलूभाऊ, जेवून जा." त्यांनी लाजून लाजून ताट घेतलं. आईनंही आपलं ताट घेतलं आणि समोर बसली. दोघांनीही लाखोळीची डाळ आणि भात खाल्ला. आईनं दुसऱ्यांदा भात घेतला. मी वाढत होती आणि मनात म्हणत होती, दही वाढवून बरंच केलं, आता सकाळ-संध्याकाळ देते.

१८ जानेवारी

ताईले धानोऱ्याले नमुन्याच्या बाटल्या पाठवल्या होत्या. आज तिचा फोन.

"खुशे, झाकन उघडलं न् बाया नाकाले पदर लावून पळाल्या. एकीनं तर उलटी केली."

"कोंबड्यांले नाकच कुठी असते, ताई?"

"कोंबड्यांले पाजनाऱ्या बायांले असते ना. गुन चांगला हाय म्हणतात, पन हात कोन लावते? वास काढ, मग साऱ्या गटांले लावून देतो मी. पिल्लं मरून मरून कंटाळल्या बाया."

बरोबर आहे तिचं. वास काढायचाच. तसंही गल्लीनं किती दिवस सोसावं, आणि आईनं तरी त्या ड्रमजवळ दिवसभर किती बसावं. ती बिचारी काही बोलत नाई.

३० जानेवारी

जमलं! उद्गारचिन्ह मुद्दाम काढलं आहे, या डायरीतलं पहिलंच.

चूक पाण्यात होती. सुकलूभाऊ खड्ड्यातलं शिळं पाणी आणत, त्यात सडवणारे जंतू आधीच मुक्कामाले असत. आता हौद उघडला की त्याच वेळी ताजं पाणी घ्यायचं, आणल्या आणल्या उकळायचं आणि विरजण दुप्पट. माझे जंतू आधी शिरले की बाकीच्यांले जागा मिळत नाई. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर चांगल्या आंबिलीसारखा आंबट-गोड वास. गुलाबबाई म्हणाली, "आता मीच पिऊन घेऊ काय वं?"

आईले मोठ्या ऐटीत बोलावलं, झाकण उघडून दाखवलं. "आता बस किती बसायचं ते." तिनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पानी बदललं काय?" म्हणाली. मी सगळं समजावून सांगितलं, ताजं, शिळं, जंतूंची जागा. ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन पडली. थकली असेल, सकाळपासून सारवण केलं होतं.

६ फेब्रुवारी

ताईकडे बाटल्या गेल्या, बायांनी हातोहात उचलल्या. मोठी ऑर्डर येणार म्हणते.

एका ड्रममध्ये बुरशी दिसली. बाहेरून काही तरी येऊन राह्यलं, आणि घरात बाहेरून येणारे एकटे सुकलूभाऊ. त्यांले सांगितलं, भाऊ, मिलमधून थेट येऊ नका, घरी जाऊन आंघोळ करून, कपडे बदलून या. ते ओशाळले. "हो बेटा, आमाले काय समजते," म्हणाले. मले वाईट वाटायले पाहिजे होतं, पण मी लगेच ड्रम धुवायले लागली.

आज ते स्वच्छ पांढरा सदरा घालून, तेल लावून आले. आईनं चहा दिला. जेवायचं विचारलं नाई. नंतर स्वतःही जेवली नाई, पोट भरलेलं वाटते म्हणाली. दही खाल्लं पण.

१४ फेब्रुवारी

आईचं जेवण पुन्हा कमी. मी दही वाढवलं. आता दिवसातून तीनदा देते, ती निमूट खाते, बाकी काही खात नाई. जंतूंचा जोर कमी पडला असेल म्हणून नवीन कल्चर केलं. शक्यता अशी की सुरुवातीले आलेला गुण टिकत नसते. कारखान्यातल्या माझ्या जुन्या सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, खुशबू, माणसाची भूक फक्त आतड्यात नसते. मी म्हटलं, सर, मग कुठी असते? ते म्हणाले, ते आपल्या विषयात येत नाही.

मले राग आला. बऱ्याच दिवसांनी कशाचा तरी राग आला, म्हणून लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी

मुजफ्फरभाई स्वतः घरी आले, आईची तब्येत पाहायले. दारात उभे राहून म्हणाले, "गिरजाबाई, हे काय करून घेतलं? लटारूभाऊ असता तर मलेच बोलला असता." आई नुसती हसल्यासारखं करून पडून राह्यली.

मग मले म्हणाले, "बेटी, घराले कारखाना काऊन बनवून ठेवला? मिलमधी मागची शेड रिकामी पडली हाय. पानी तिथीच, बॉयलरची वाफ तिथीच. घेऊन टाक." जाताना अंगणात थांबले. "तुझा बाप ऑफिसच्या दाराशी आला का मले मान वर करावी लागत नसे. समजूनच जात होतो, लटारू आला म्हणून." मी हसली. आम्ही दोघं हसलो. आई आत ऐकत होती.

शेड घेतली. आईच्या डोक्याशी दिवसरात्र ड्रम, येणारंजाणारं माणूस, तिले आराम कसा पडेल? हे मले आधीच सुचायले पाहिजे होतं.

२३ फेब्रुवारी

ड्रम हलवले. ओसरी धुऊन, शेणानं सारवून, फिनाइलचा हात मारून लख्ख केली. आईले म्हटलं, पाह्य, आता घर घरासारखं झालं. तिनं पाह्यलं.

रात्री काही खाल्लं नाई. चहाही नाई.

२ मार्च

सलाईन लावली. डॉक्टर मले बाजूले घेऊन बोलले. बोलताना ते माझ्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत असावेत, मग त्यांनी मुकाट कागद भरला. घरी येताना मी ऑटोत आईचा हात धरला. हात अगदी हलका लागला. मी मनात पुढच्या बॅचचं पाणी किती लागेल ते काढत होती. मी अशी नव्हती. की होती?

५ मार्च

ताई धानोऱ्याहून आली. आईले पाह्यलं आणि ओसरीत येऊन माझ्यावरच तुटून पडली.

"हे काय करून ठेवलं तू? डिसेंबरात जेवत होती ना ती?"

"दही तेच आहे, ताई. दुप्पट देऊन राह्यली."

"आग लाव तुझ्या दह्याले."

आजवर जे जे केलं ते सगळं आईच्या भल्याचंच केलं, एकेक पाऊल तपासून पाह्यलं, त्यात चूक सापडत नाई. आणि ती मरून राह्यली. हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला नाई, याचीच मले भीती वाटते.

ताई आत जाऊन म्हणाली, "आई, तुले घेऊन जातो मी." मले वाटलं आता म्हणेल, घर सोडून कुठी जात नाई.

आई म्हणाली, "ने. कुठीही ने."

ताईचं तोंड पांढरं पडलं. तिलेही समजलं, आईनं आता सगळंच सोडलं होतं. भाऊजींची गाडी परवा येणार आहे. ताई आज परत गेली, तिकडे खाट, दवाखाना सगळं पाहून ठेवायले.

६ मार्च

लिहायचं बरंच आहे. सावकाश लिहिते.

सकाळी आईचे दोन लुगडे, औषधं, तिची कंगवी पिशवीत भरली. दुपारून गुलाबबाईले आईजवळ बसवून मिलमध्ये गेली, कारण ताईच्या गटांची मोठी ऑर्डर उद्या त्याच गाडीनं जायची आहे. सुकलूभाऊले ताप, ते आले नव्हते. म्हटलं, आपणच पाणी काढू. हौदाले मोठी पाइप असते, तिचा वॉल्व्ह मी आजवर कधी हातात धरला नव्हता. बाबा एका हातानं फिरवत. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि पाइपचं तोंडच निसटलं. हौदातलं रातभरात निवलेलं पाणी डोक्यापासून पायापर्यंत. तशीच घसरली ते खालच्या खड्ड्यात, जिथी शिळं पाणी साचते. कमरेपर्यंत त्या चिखलात.

बाया धान पसरवत होत्या. आधी धावल्या, मले बाहेर ओढली, कुठी लागलं नाई हे पाह्यलं, आणि मग अशा हसायले लागल्या की एकीले तर खालीच बसावं लागलं. "शोभली वं लटारूभाऊची पोरगी!" मीही हसली. अंगाले इतका वास मारत होता की मी तोंडानंच श्वास घेत होती. बदलायले कपडे नव्हते. ऑटोवाला बसवायले तयार नाई. मागच्या वाटेनं पायी घरी आली, ऊन उतरलं होतं, रस्त्यातले लोक बाजूले सरकत होते.

गुलाबबाई आपल्या घरी भाकरी टाकायले गेली होती. मी मागच्या दारानं शिरली, सरळ न्हाणीत जायचं म्हणून. आईची खाट त्याच खोलीत, तोंड भिंतीकडे. मी पाय न वाजवता चालली होती.

आई म्हणाली, "आले काय जी?"

संध्याकाळी बाबा मिलमधून आले की ती असंच विचारत असे.

"आज उशीर झाला. थांबा, वाढतो."

आणि ती उठली. भिंतीले धरून उठली, सलाईनची पट्टी हाताले तशीच, पदर सावरला, चुलीकडे निघाली. मग तिनं मान वळवली आणि मले पाह्यलं.

मी चोरी करताना सापडल्यासारखी उभी, ओढणीतून पाणी गळून राह्यलं. मले वाटलं आता ती खाली पडते. ती माझ्याजवळ आली. माझी ओली ओढणी दोन्ही हातात घेतली, तोंडाशी धरली आणि उभी राह्यली. तिचा श्वास मले ऐकू येत होता, एकेक खोल श्वास.

दह्यानं काहीच झालं नव्हतं. कपडे मी धुतले, पाणी मी बदललं, सुकलूभाऊले आंघोळ मी करायले लावली, ओसरीत फिनाइल मी टाकलं. सहा वर्षं जंतू पाहणारी मी, माझ्या नाकापाशी असलेली गोष्ट मले दिसली नाई.

मी रडायले लागली. आवाज न करता रडायचं मले जमलंच नाई. नोव्हेंबरापासून साचलेलं सगळं एकदम आलं, बाबा, बाबा म्हणून लहान पोरीसारखी ओरडून रडली. गुलाबबाई कुंपणापाशी येऊन परत गेली असावी, भाकरीचं पीठ तिच्या हातांले होतं एवढं दिसलं. आई रडली नाई. माझ्या पाठीवरून हात फिरवत राह्यली, चिखल तिच्या हाताले लागत होता.

"जेव आधी," म्हणाली. "गार होते."

गार व्हायले काही शिजलेलंच नव्हतं. मीच तांदूळ धुऊन टाकले, तिनं चुलीत काडी सरकवली. भात आणि कच्च्या टमाट्याची चटणी. दोघी एकमेकींसमोर बसलो, मी त्याच ओल्या कपड्यांत. आई हळूहळू जेवली. भात संपला तेव्हा तिनं ताटाचा काठही बोटानं पुसून खाल्ला.

"उद्या जाशील ना मिलमंधी?" तिनं विचारलं.

"जाईन."

ताईले फोन केला, गाडी रिकामीच पाठव, बाटल्या न्यायले. आईसाठी नको. ती काय झालं काय झालं विचारत राह्यली, मले नीट सांगता आलं नाई. आई जेवली, एवढंच सांगितलं. किती, म्हणाली. पोटभर, म्हटलं.

मग अंग चिकट होऊन राह्यलं म्हणून टॉवेल घेऊन न्हाणीकडे निघाली. आई भांडी सारत होती. वर न पाहता म्हणाली, "सकाळी कर आंघोळ."

मी टॉवेल परत दोरीवर टाकला आणि तशीच तिच्याजवळ झोपली.